पागी मास्तरांनी कडूकंद खाल्ला

जव्हार-मोखाडा-खोडाळा गाडीवर एकवीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या सुदर्शन पागींना सगळा रस्ता ‘मास्तर’ म्हणून ओळखत होता. कुठल्या वळणावर कोणाला मळमळतं, कोणत्या फाट्यावर कोणाची सून माहेराहून परत येणार आहे, खिशात सुट्टे असून कोण नाहीत म्हणतो, हे सगळं त्यांना तिकिटाच्या मशीनपेक्षा पक्कं ठाऊक असे. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्यांच्या स्वतःच्या मानेत काय चाललं आहे.

ते कळलं तपासणी शिबिरात. रक्तातली चरबी जास्त निघाली, म्हणून त्यांना नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मानेला थंडगार काहीतरी चोपडून त्यावरून मशीन फिरवलं, मग कागदावर एक नळी काढली आणि तिच्या आतल्या बाजूला पेनानं गिरगोट्या मारल्या. मेंदूकडं रक्त नेणाऱ्या नळीला आतून चरबीचा थर धरू लागला होता. थर पातळ होता, घाबरायचं कारण नव्हतं. रोज एक गोळी, रोज चालणं, वडे-भजी बंद, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या, असं डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी ‘घाबरायचं कारण नाही’ एवढं सोडून बाकी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत तोच विषय सुरू झाला. तिकीट फाडता फाडता मास्तर सांगत, की आपल्या मेन रोडला दरड आली आहे, सध्या एका बाजूची वाहतूक चालू आहे. पावसाळ्यात घाटात काय होतं ते प्रत्येकानं पाहिलेलं, त्यामुळं लोकांना लगेच पटे. मग सल्ले येत. कोणी लसूण सांगे, कोणी अर्जुनाची साल, कोणी कोमट पाणी. जामसरच्या एका म्हाताऱ्यानं तर, मानेतली नळी आहे तर मान जरा जोरात हलवत जा, म्हणजे थर सुटेल, असं सांगितलं. मास्तरांनी दोन दिवस तेही केलं. समोर बसलेल्यांना वाटायचं, मास्तर तिकीट नाही म्हणतायत.

गोळी मात्र त्यांनी आठच दिवस घेतली. नवव्या दिवशी पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद वाचला. त्यात ‘क्वचित स्नायू दुखू शकतात’ असं होतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या दोन्ही पोटऱ्या दुखल्या. दिवसभर हलत्या गाडीत उभं राहणाऱ्याच्या पोटऱ्या एकवीस वर्षं दुखतच होत्या, पण आता त्याला कारण सापडलं. त्यांची बायको हर्षदा अंगणवाडी सेविका होती. पोरांनी औषध गिळलं की थुंकलं हे ती त्यांच्या गालावरून ओळखत असे. नवऱ्याच्या गालाकडं मात्र तिनं कधी तसं पाहिलं नव्हतं, आणि मास्तर त्याचा फायदा घेऊन गोळी जिभेखाली धरून मोरीपर्यंत नेत होते.

वडाही पूर्ण सुटला नव्हता. जव्हारच्या स्टँडवर ओळखीचे फार, म्हणून तिथं बंद होता. मोखाड्याला गाडीच्या मागं उभं राहून एक वडा चालू होता. अशाच एका वड्यासोबत त्यांना ती बातमी मिळाली. वडा संपला आणि हातात राहिलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्यांची नजर गेली. ठळक मथळा होता : ‘वनस्पतीतील नैसर्गिक संयुग धमन्यांतील चरबीचा थर रोखू शकेल’. खाली लिहिलं होतं, की काही रानटी कंदांत डायोस्जेनिन नावाचं संयुग असतं, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला येणारी सूज आणि साचणारी चरबी त्यानं कमी होऊ शकते, असं संशोधकांना दिसून आलं आहे. पुढं ‘मात्र’ असा एक शब्द होता. त्यापुढचं सगळं वड्याच्या तेलात विरघळून गेलं होतं, आणि उरलेला अर्धा कागद वडेवाल्यानं दुसऱ्या कोणाच्या वड्याला दिला होता.

मास्तरांना ‘मात्र’ची गरज वाटली नाही. रानटी कंद म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं एकच कंद आला, तो म्हणजे कडूकंद.

कडूकंद या डोंगरात कोणाला सांगावा लागत नाही. पावसाळा सरला, वेल वाळू लागले, की तो खणून काढायचा. पण तो काढला आणि शिजवला असं होत नाही. नावाप्रमाणंच तो कडूजहर. पातळ चकत्या करून, राखेत चोळून, उकडून, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचा, तेव्हा कुठं तोंडात घालण्याजोगा होतो. आजे-पणजे धान्य संपल्यावर तो खात. आता चवीपुरता उरला आहे, आणि बाजारात तो आणून विकणारी माणसंही मोजकीच.

त्यातली एक नवशी. पोशेऱ्याच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर ती राहायची. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी उकडलेल्या कंदांची पाटी घेऊन फाट्यावर गाडी धरायची आणि दर वेळी मास्तरांशी भांडायची. भांडण तिच्या वयावरून असे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नसतं, आणि नवशीच्या मते ती पंचाहत्तरीची कधीच झाली होती. आधार कार्डाच्या मते नव्हती. कार्डावर एक जानेवारी ही तारीख होती. पाड्यावरच्या सगळ्याच म्हाताऱ्यांची जन्मतारीख एक जानेवारी आहे, तर ती खरी कशी, असा तिचा सवाल असे, आणि मास्तर तिकीट फाडून तिच्या हातात देत.

पुढच्या बाजाराला मास्तरांनी तिकिटाचा वाद न घालता तिला शेजारी बसवलं, तेव्हाच नवशीला संशय आला. त्यांनी बातमी समजावून सांगितली आणि तिच्याकडं कच्चे, न धुतलेले कंद मागितले.

नवशीनं आधी ते हसण्यावारी नेलं. मग मास्तरांनी आपला हिशोब मांडला. औषध नेहमी कडू असतं. कंदातलं कडू म्हणजेच ते डायोस्जेनिन. तुम्ही लोक ते रात्रभर ओढ्यात धुऊन टाकता, म्हणजे औषध जातं मासळीला आणि माणसाच्या वाट्याला येतो चोथा.



“कडू पाण्यात गेला पायजे, कंडक्टर,” ती म्हणाली. “कडू नाय गेला तं खाणारा जातो.”

तिनं कंद दिले नाहीत. मास्तरांना वाटलं, म्हातारी अडाणी आहे, तिला संयुग काय कळणार.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते पहार घेऊन जामसरला गेले. तिथं त्यांची वडिलोपार्जित थोडी शेती होती आणि शेताच्या वर रान होतं. वाळलेला वेल सापडला, पण खाली कंद सरळ जात नाही; दगडाच्या कपारीत शिरतो, वळतो, आणि खणणाऱ्याला भोवती फिरवतो. मास्तर तीन तास खणत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला, हाताला फोड आले, आणि शेवटी मुठीएवढे चार कंद हाती लागले. ते त्यांनी पिशवीत घालून, वर हर्षदासाठी पालेभाजी ठेवून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी हर्षदा सकाळीच अंगणवाडीत गेली. मास्तरांनी कंद सोलले, चकत्या केल्या, आणि पुस्तकी माणसाच्या काटेकोरपणानं झाकण ठेवून थोड्याशाच पाण्यात उकडले, जेणेकरून काही बाहेर जाऊ नये. उरलेलं पाणीही त्यांनी फेकलं नाही, पिऊन टाकलं. मग मीठ लावून पाच चकत्या खाल्ल्या. पहिल्या चकतीला कडूपणानं डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते फार आवडलं. गोळीला कधी एवढी चव नव्हती. काही चकत्या त्यांनी दुपारसाठी डब्यात भरल्या आणि मानेतली वाहतूक सुरळीत होत असल्याचं समाधान घेऊन ते ड्युटीवर गेले.

साडेनऊची गाडी भरून निघाली. बाजाराचा दिवस होता. जव्हार सोडलं तेव्हा मास्तरांच्या जिभेला मुंग्या आल्या. पुढं घशात कोणी खाजकुयली कोंबल्यासारखं झालं. तिसऱ्या वळणानंतर जीभ तोंडात मावेना. ते तिकिटं देत राहिले, पण विचारायचं बंद केलं. नुसती भुवई वर करायचे आणि लोक गावाचं नाव सांगायचे. मास्तर गप्प आहेत, म्हणजे घरी काहीतरी झालं असेल, असं लोकांना वाटलं. गोदा नावाची एक बाई तर शेजारणीला हळूच म्हणाली, की बायकोनं वडा खाताना पकडलं असेल.

पोशेरा फाट्यावर नवशी पाटी घेऊन चढली. पाटी नेहमीसारखी तिनं वाटेत ठेवली. मास्तरांना म्हणायचं होतं, पाटी मागे ठेव. तोंडातून आलं, “आई आगे एव.”

 मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तेही आलं नाही. नुसती लाळ आली, आणि कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. मग मागच्या बाकावरून कोणीतरी तो शब्द उच्चारला, जो सगळ्यांच्या मनात होता.

“दरड.”

त्यानंतर जे झालं त्याला मास्तरच जबाबदार होते. आपल्या नळीची गोष्ट त्यांनी महिनाभर या गाडीत सांगितली होती. आता प्रत्येक प्रवासी त्या विषयातला जाणकार होता. मेंदूकडं जाणारी नळी बंद झाली, म्हणून बोलणं गेलं, हे पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलं. कोणी त्यांना आडवं करा म्हणालं, कोणी उभंच ठेवा म्हणालं. जामसरचा म्हातारा पुढं येऊन त्यांची मान हलवू लागला. मास्तर हातवारे करून काही सांगू पाहत होते, तर ते हात धरून चोळायला दोन जण बसले. ड्रायव्हर तुषार तरणा पोरगा, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. त्यानं आरशात मागं पाहिलं, दिवे लावले, हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी सोडली ती मोखाड्याच्या दवाखान्याच्या दिशेनं. वाटेतले सगळे थांबे तसेच गेले. थांब्यांवर हात करून उभी असलेली माणसं शिव्या देत राहिली. ज्यांना उतरायचं होतं ते आतून ओरडले, पण उतरलं कोणीच नाही, कारण मास्तरांचं पुढं काय होतं ते पाहायचं होतं.

 नवशी माणसांच्या मधून वाट काढत पुढं आली, मास्तरांची हनुवटी धरली आणि तोंड उघडायला लावलं. मग तिनं त्यांच्या सीटखालचा डबा उचलला, झाकण काढलं, एक चकती नाकाशी नेली.

“दरड नाय काय नाय,” ती सगळ्यांना म्हणाली. “यानं कडू खालाय.”

गाडीत आधी कोणाला कळेना. मग पाड्यांवरची माणसं होती त्यांना कळलं, आणि कळल्यावर हसू आवरेना. ज्याला हसू आलं नाही तो एकटा तुषार. त्यानं वेग कमी केला नाही. नवशीनं कोणाची तरी पाण्याची बाटली घेतली आणि मास्तरांना चुळा भरायला लावल्या. तिसऱ्या चुळीला मास्तरांच्या पोटातून काहीतरी उठलं. घाटात ओकणाऱ्यांना ते एकवीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आले होते, की पिशवीत ओका, खिडकीतून नाही. पिशवी कोणी पुढं करेपर्यंत त्यांचं डोकं खिडकीबाहेर होतं. मागच्या तीन खिडक्या भराभर बंद झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला, आणि त्या आवाजाएवढा अपमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. हृदय उत्तम चाललं होतं. घशाची सूज उतरायला इंजेक्शन दिलं. मग त्यांनी डब्यातल्या चकत्या पाहिल्या, आणि न धुता खाल्लेला हा कंद पोटालाच नव्हे तर यकृतालाही बाधू शकतो, दोन दिवस नजरेखाली राहावं लागेल, असं सांगितलं. नाशिकच्या गोळीचं काय, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी मान खाली घातली. हर्षदा तेवढ्यात जव्हारहून पोचली होती. तिनं तो प्रश्न ऐकला, खाली घातलेली मान पाहिली, आणि तिला मोरीचं सगळं कळलं. ती काहीच बोलली नाही. मास्तरांना त्यापेक्षा पुन्हा पाच चकत्या खाणं परवडलं असतं.

नवशीचा बाजार बुडाला होता. तिनं पाटी दवाखान्याच्या व्हरांड्यात मांडली आणि पेशंटांच्या नातेवाइकांना कंद विकले. त्या दिवशी कडूकंदानं दवाखान्यात आलेला माणूस आत होता आणि बाहेर कडूकंद विकला जात होता, तरी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. हा धुतलेला होता. पाटी रिकामी झाल्यावर ती आत येऊन मास्तरांच्या खाटेजवळ जमिनीवर टेकली.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, प्रगतीचा फोन आला. ती नाशिकला फार्मसी शिकत होती. आईनं फोन स्पीकरवर ठेवला. प्रगतीनं ती बातमी मोबाईलवर शोधून पूर्ण वाचली होती, आणि तेलात विरघळलेला ‘मात्र’च्या पुढचा भाग तिनं बापाला वाचून दाखवला. हा प्रयोग उंदरांवर झाला होता. माणसांवर तो अजून सिद्ध व्हायचा होता. संयुग शुद्ध करून, मोजून, ठराविक मात्रेत दिलं होतं; कंद कोणी कोणाला खाऊ घातला नव्हता. कडूपणाशी त्याचा संबंध मास्तरांनीच जोडला होता, कडूकंदात दुसरीही विषारी द्रव्यं असतात. शिवाय हेच डायोस्जेनिन मेथीच्या दाण्यांत असतं.

“मेथीत?” हर्षदा म्हणाली. घरात मेथीच्या लाडवांना हात न लावणारा माणूस समोर पडला होता.

नवशीला मात्र एक गोष्ट अडली होती. उंदराला हा आजार झाला कसा, असं तिनं विचारलं. प्रगतीनं सांगितलं, की प्रयोगासाठी त्यांना मुद्दाम लोणी आणि चरबी खायला घालतात, म्हणजे नळ्यांत थर धरतो. मग औषध देऊन बघतात.

“उंदराला लोणी,” नवशी म्हणाली.

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग ती हसायला लागली, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली. शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. हसून झाल्यावर नवशीनं रिकामी पाटी मांडीवर घेतली. तिचं माहेर जव्हारकडच्या वावर गावचं होतं. तिकडं पोरं उपासमारीनं मेली त्या वाईट सालात ती दोन पोरं घेऊन माहेरी गेली होती आणि एक घेऊन परत आली होती.

“तवा आमी यो कंदच खाला,” ती म्हणाली. “धुवून धुवून. लोणी उंदराला द्यायचा हाय, हे आमाला ठाव नव्हता.”

 प्रगतीनं फोनवरून, आई, कोण बोलतंय, असं विचारलं, आणि हर्षदानं, आपलीच एक आजी आहे, असं सांगून फोन ठेवला.

जायला उठली तेव्हा नवशीनं मास्तरांना सांगितलं, की कंदच खायचा असेल तर पाड्यावर ये, नीट करून घालते. हे तिनं दया म्हणून सांगितलं नाही. तिच्या मते मास्तरांनी कंदाचं नाव खराब केलं होतं आणि ते दुरुस्त करणं भाग होतं.

मास्तर गेले. पुढच्याच सुट्टीला गेले. फाट्यापासून पाडा तासाभराच्या चढावर होता, आणि पहिल्या खेपेला त्यांना पावणेदोन तास लागले. नवशीनं ओढ्यातली टोपली आणायला त्यांनाच पाठवलं. कंद खाल्ला तर तो पिठूळ, सपक, कशासारखाच लागला नाही. मास्तर निराश झाले, पण ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. नवशी अगदी गालाकडं बघत होती. निघताना तिनं बजावलं, की पुढच्या सुट्टीला ये, तेव्हा वरच्या रानातला दाखवते, तो याहून बरा असतो. तो काही बरा नव्हता. पण मास्तर दर सुट्टीला जाऊ लागले. कंद संपले तेव्हा मोहाची फुलं वेचायला बोलावणं आलं, मग करवंदं आली. गोळी रोज रात्री हर्षदा त्यांच्या तोंडात घालायची आणि जीभ वर करून दाखवायला लावायची. सकाळी भिजवलेले मेथीदाणे असायचे. मोखाड्याच्या वडेवाल्यानं काय झालं ते गाडीवाल्यांकडून ऐकलं होतं. मास्तर दिसले की तोच मान हलवायचा.

सहा महिन्यांनी दोघं नाशिकला गेले. चरबी बरीच खाली आली होती, नळीतला थर होता तेवढाच होता, वाढला नव्हता. डॉक्टर खूश झाले आणि काय काय केलं, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं : मेथी, डोंगर, नवशी, ओढा, करवंदं. बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, ‘गोळी चालू ठेवणे’.

आलोच आहोत तर माझंही बघा, असं हर्षदा म्हणाली. तिला काही होत नव्हतं, पण सहा महिने दुसऱ्याची चरबी मोजून तिला कुतूहल वाटू लागलं होतं. दुपारी तिचा रिपोर्ट आला. मास्तरांचा आकडा पहिल्या दिवशी जितका होता त्याच्याहून तिचा वर होता.

परतीच्या गाडीत ती खिडकीला बसली आणि त्र्यंबक येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मास्तरांच्या मनात अनेक वाक्यं येत होती, एकाहून एक सरस. त्यांनी त्यातलं एकही बाहेर पडू दिलं नाही, आणि लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला हे किती जड जातं ते ज्याचं त्यालाच माहीत. गाडी अंबईचा उतार उतरू लागली तेव्हा हर्षदा वळली.

“अहो,” ती म्हणाली, “त्या नवशीच्या पाड्यावर चढायला किती वेळ लागतो?”

“मला आता पाऊण तास,” मास्तर म्हणाले. “तुला सावकाश नेईन.”